थांबलं म्हणजे समतोल झाला का?

एक साधा प्रश्न विचारते. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत एक मिश्रण आहे. तीन दिवस झाले, रंग बदललेला नाही, दाब बदललेला नाही, मोजलं तर प्रमाणही तेच येतंय. हे मिश्रण रासायनिक समतोलात आहे का?

बहुतेक जण "हो" म्हणतात. अकरावीत आपण हेच तर शिकलो की पुढची आणि मागची अभिक्रिया सारख्या वेगाने चालली की प्रमाणं बदलायची थांबतात. मग प्रमाणं बदलायची थांबली म्हणजे समतोल आलाच!

मीही पीएचडीच्या पहिल्या वर्षी असंच समजत होते, आणि त्या समजुतीपायी माझं आठ महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. ती गोष्ट शेवटी सांगते. आधी मुळातली चूक बघू. "समतोल असेल तर बदल दिसत नाही" हे वाक्य खरं आहे. "बदल दिसत नाही म्हणून समतोल आहे" हे वाक्य खरं नाही. पहिल्यावरून दुसरं निघत नाही. तुमच्यापैकी जे पुढे संशोधनात यायची तयारी करताहेत, त्यांनी हा फरक आत्ताच पक्का करून घ्यावा. परीक्षेत याने एखादाच मार्क जाईल, पण प्रयोगशाळेत वर्ष जाऊ शकतं.

दोन्ही बाजूंनी चालणारी वाट

व्युत्क्रमी अभिक्रिया म्हणजे जी पुढेही जाते आणि मागेही येते ती. ही कल्पना सुचली कशी, ते आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला पटकन कळेल. पेण-उरणकडची मिठागरं आठवा. उथळ वाफे, उन्हाने आटणारं खारं पाणी आणि कडेला जमणारा पांढरा थर. अशाच एका खाऱ्या जागी १७९८ साली क्लोद लुई बर्थोले हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ उभा होता. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर तो इजिप्तला गेला होता. तिथल्या नेट्रॉन सरोवरांच्या काठावर त्याला धुण्याच्या सोड्याचा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा, थर दिसला.

त्याला याचं नवल वाटलं, कारण प्रयोगशाळेत बरोबर उलटं होतं. सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड यांची द्रावणं एकत्र केली की चुनखडी खाली बसते आणि मीठ पाण्यात राहतं. इथे मात्र मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा तयार झालेला दिसत होता. बर्थोलेने अनुमान काढलं की मीठ अफाट प्रमाणात असलं तर अभिक्रिया उलट दिशेनेही जाते. म्हणजे अभिक्रियेची दिशा पदार्थांच्या स्वभावावर ठरते तशी त्यांच्या प्रमाणावरही ठरते. पुढे १८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी या विचाराला गणिती रूप दिलं. त्यातूनच आपला समतोल स्थिरांक आला.

समतोल झाल्यावर आत सगळं शांत असतं का? नाही. पुढचीही अभिक्रिया चालू असते आणि मागचीही, फक्त दोघींचा वेग सारखा असतो. याचा पुरावा एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातच आहे. अमोनियाच्या समतोल मिश्रणात साध्या हायड्रोजनचं डॉयटेरियम वायूच्या समतोल मिश्रणाशी मिश्रण केलं, तर अमोनियाचं एकूण प्रमाण तेच राहतं. पण थोड्या वेळाने बघावं तर अर्धवट डॉयटेरियम असलेले अमोनियाचे रेणू सापडतात. आत अदलाबदल चालू नसती तर हे रेणू आले कुठून?

म्हणजे समतोलातली शांतता ही वरवरची शांतता आहे. आणि वरवर शांत दिसण्याची कारणं इतरही असतात.

थळच्या कारखान्यातली अभिक्रिया

अलिबागहून रेवसकडे जाताना थळ लागतं. समुद्रात खांदेरी-उंदेरी आणि जमिनीवर राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना. आपल्याकडे सगळे त्याला नुसतं "आरसीएफ" म्हणतात. इथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया बनतो. वायू आणि वाफ यांच्यापासून हायड्रोजन मिळवतात, नायट्रोजन हवेतून घेतात. या कामात निघणारा कार्बन डायऑक्साइड पुढे युरियासाठी वापरतात. सगळ्याच्या मध्यभागी ही एक अभिक्रिया आहे:

नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया

पुढे जाताना ही अभिक्रिया उष्णता सोडते, दर मोल नायट्रोजनमागे सुमारे ९२ किलोज्यूल. आणि चार रेणूंचे दोन होतात.

आता हायड्रोजन आणि नायट्रोजन तीनास एक प्रमाणात घ्या, काचेच्या फुग्यात भरा आणि टेबलावर ठेवा. महिनाभराने बघा, वर्षाने बघा. काहीही झालेलं नसेल. अमोनियाचा वाससुद्धा येणार नाही. मग हा समतोल झाला का?

आकडे काय म्हणतात बघा. २५ अंश सेल्सिअसला या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक काही लाखांच्या घरात आहे. त्यावरून हिशेब केला तर साध्या वातावरणीय दाबालासुद्धा समतोल मिश्रणात ९० टक्क्यांहून जास्त अमोनिया असायला हवा. आपल्या फुग्यात तो शून्य आहे. म्हणजे हे मिश्रण समतोलापासून जितकं दूर असू शकतं तितकं दूर आहे, आणि तरीही ढिम्म हलत नाही. कारण नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला लागणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाला मिळत नाही. वाट उताराची आहे, पण मध्ये मोठा घाट आहे.

ही झाली शांततेची दुसरी जात. हिला अडकलेली अवस्था म्हणू. बाहेरून बघितलं तर समतोल आणि अडकलेली अवस्था हुबेहूब सारख्या दिसतात. मीटरवर दोन्हींचं रीडिंग स्थिर असतं.

हाबरच्या दोन भट्ट्या

मग ओळखायचं कसं? याचं उत्तर १९०४-०५ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला फ्रिट्झ हाबर आणि त्याचा सहकारी व्हान ऊर्ट यांनी केलेल्या प्रयोगात दिसतं. त्यांना अमोनियाचा कारखाना काढायचा नव्हता. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्याबरोबर समतोलात अमोनिया नेमका किती असतो, एवढाच प्रश्न होता.

त्यांनी एकामागे एक दोन भट्ट्या ठेवल्या. दोन्हींत उत्प्रेरक म्हणून लोखंड आणि तापमान हजार अंशांच्या वर. पहिल्या भट्टीत त्यांनी शुद्ध अमोनिया सोडला. तिथे तो जवळजवळ सगळा फुटला आणि अगदी थोडा उरला. तो उरलेला अमोनिया त्यांनी आम्लात शोषून घेतला आणि मोजला. आता हातात राहिला निव्वळ नायट्रोजन आणि हायड्रोजन. हे मिश्रण त्यांनी दुसऱ्या भट्टीत सोडलं. तिथे थोडा अमोनिया नव्याने तयार झाला. तोही मोजला.

पहिली भट्टी समतोलाकडे वरून उतरते, दुसरी खालून चढते. दोन्हींतून निघणारा आकडा जवळपास सारखा आला, तर त्या आकड्याला समतोल म्हणायचा हक्क मिळतो. अभिक्रिया मध्येच अडकली असती, तर पहिल्या भट्टीचा आकडा मोठा आला असता आणि दुसरीचा लहान.

माझ्या मते या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: समतोलाचा दावा करायचा असेल तर दोन्ही बाजूंनी तिथे पोचून दाखवा. एका बाजूने आलेला आकडा ही फक्त एक मर्यादा असते. खालून आलात तर "निदान एवढं तरी" इतकंच म्हणता येतं. वरून आलात तर "जास्तीत जास्त एवढं".

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग संशोधन करणाऱ्याला जास्त उपयोगी आहे. त्या तापमानाला आणि साध्या दाबाला अमोनिया इतका कमी होता की मोजणं कठीण होतं. १०२० अंशांना त्यांचे आकडे साधारण ०.००५ पासून ०.०१२ टक्क्यांपर्यंत पसरले. हाबरने त्यातला वरचा आकडा अधिक विश्वासाचा मानला. मग वाल्थर नर्न्स्टने आपल्या नव्या उष्णता-सिद्धांतावरून हिशेब केला आणि कळवलं की तुमचा आकडा बसत नाही, खरा आकडा बराच कमी असायला हवा. नर्न्स्टने स्वतःही मोजमापं केली, तीही जास्त दाबाखाली. दाब वाढवला की अमोनियाचं प्रमाण वाढतं आणि मोजमापातली चूक त्या मानाने लहान होते. १९०७ मध्ये हँबर्गच्या सभेत दोघांचा जाहीर वाद झाला.

हाबरला ते लागलं. पण त्याने रॉबर्ट ल रॉसिन्योल या सहकाऱ्याला घेऊन सगळं पुन्हा मोजलं, आधी साध्या दाबाला आणि मग ३० वातावरण दाबाला. नवा आकडा हजार अंशांना सुमारे ०.००५ टक्के आला. म्हणजे त्याच्या जुन्या पसाऱ्यातलं खालचं टोक खऱ्याच्या जवळ होतं आणि त्याने निवडलं होतं वरचं. पद्धत बरोबर होती, निवड चुकली होती. रीडिंग्ज पसरली असतील तर मनाला भावेल ते टोक उचलू नका. पसारा का आहे ते शोधा आणि मोजमाप सोपं होईल अशी परिस्थिती निवडा.

या फेरमोजणीतूनच मोठ्या दाबाखाली काम करायची वाट उघडली. जुलै १९०९ मध्ये हाबरने बीएएसएफ कंपनीच्या लोकांना टेबलावरच्या उपकरणातून थेंब थेंब पडणारा द्रव अमोनिया दाखवला. १९१३ मध्ये ओपाऊला कारखाना सुरू झाला. समतोलाचा एक बारीकसा आकडा कुठल्या कुठे पोचला बघा.

स्थिरांक खरंच स्थिर असतो का?

आता थोडं गणित करू. वही घ्या, नुसतं वाचू नका. तीनास एक मिश्रण घेतलं तर समतोलात अमोनियाचं प्रमाण किती असतं, याचे प्रयोगातून मिळालेले आकडे असे आहेत:

४०० अंश सेल्सिअसला: १० वातावरण दाबाखाली ३.८५ टक्के, १०० ला २५ टक्के, ३०० ला ४७ टक्के.

५०० अंश सेल्सिअसला: १० ला १.२ टक्के, १०० ला १०.६ टक्के, ३०० ला २६ टक्के.

ल शातेलियेचा नियम यात सरळ दिसतो. दाब वाढला की रेणूंची संख्या कमी होणारी बाजू फावते, म्हणून अमोनिया वाढतो. तापमान वाढलं की उष्णता शोषणारी बाजू फावते, म्हणून अमोनिया फुटतो. मग कारखाने ४०० ते ५०० अंशांना का चालवतात, आणखी थंड का नाही? कारण थंड केलं की आपण पुन्हा त्या फुग्याकडे जातो. समतोल उत्तम, पण तिथे पोचायला वेळ अमर्याद. लोखंडाचा उत्प्रेरक साधारण या तापमानाला नीट काम करतो. उत्प्रेरक घाट फोडून बोगदा काढतो, पण दोन गावांची उंची बदलत नाही. तो पुढचा आणि मागचा दोन्ही वेग वाढवतो, समतोल हलवत नाही.

आता ४०० अंशांचे तीन आकडे घेऊन समतोल स्थिरांक काढा. अमोनियाच्या आंशिक दाबाचा वर्ग भागिले (नायट्रोजनचा आंशिक दाब गुणिले हायड्रोजनच्या आंशिक दाबाचा घन). १० वातावरणाला अमोनिया ०.३८५. उरले ९.६१५, त्यातला चौथा हिस्सा नायट्रोजन म्हणजे २.४० आणि तीन हिस्से हायड्रोजन म्हणजे ७.२१. उत्तर येतं सुमारे ०.०००१६५. याच पद्धतीने १०० वातावरणाला सुमारे ०.०००१८७ येतं. आणि ३०० ला? सुमारे ०.०००२९५.

थांबा. तापमान तेच आहे. मग "स्थिरांक" जवळजवळ दुप्पट कसा झाला?

बारावीचा विद्यार्थी इथे म्हणेल की माझा हिशेब चुकला. तो चुकलेला नाही. चुकलंय ते गृहीतक. आंशिक दाब घालून लिहिलेलं सूत्र आदर्श वायूंसाठी आहे, ज्यांचे रेणू एकमेकांची दखलच घेत नाहीत. ३०० वातावरण दाबाखाली रेणू इतके दाटीवाटीने असतात की ते एकमेकांना ओढतात आणि ढकलतातही. अमोनियाचे तर विशेषच. तिथे आंशिक दाबाच्या जागी फ्युगॅसिटी नावाची राशी घालावी लागते. ढोबळमानाने तिला "परिणामकारक दाब" म्हणा. ती घातली की स्थिरांक पुन्हा जागेवर येतो.

पुस्तकातलं सूत्र आणि मोजलेला आकडा जुळला नाही, तर तीन शक्यता असतात: मोजमाप चुकलं, समतोल झालाच नव्हता, किंवा सूत्राची हद्द ओलांडली. तिन्ही तपासा. घाईने पहिलीवर बोट ठेवून "एक्स्परिमेंटल एरर" लिहून मोकळं होऊ नका.

शांततेची तिसरी जात

आता परत थळला. कारखाना नीट चालू असताना नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर बघितलं तर दाब स्थिर, तापमान स्थिर, प्रत्येक नळीतलं प्रमाण स्थिर. तासन् तास. हा समतोल आहे का?

नाही. अशा संयंत्रात उत्प्रेरकावरून एका फेरीत वायूंचा काही हिस्साच अमोनिया होतो. मिश्रण थंड करून अमोनिया द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेले वायू पुन्हा फेरीत सोडतात. अमोनिया सतत काढत राहिल्यामुळे पूर्ण चक्राला समतोल गाठूच दिला जात नाही. हवेतून नायट्रोजनबरोबर आर्गॉनही येतो. तो कशाशीच अभिक्रिया करत नाही आणि चक्रात साठत जातो, म्हणून थोडा वायू सतत बाहेर सोडावा लागतो. जेवढं आत येतं तेवढं बाहेर जातं, म्हणून आकडे हलत नाहीत. याला स्थिर अवस्था म्हणतात.

घरातलं उदाहरण द्यायचं तर गच्चीवरची पाण्याची टाकी. वरून पंपाचं पाणी पडतंय, खालून नळ चालू आहे, पातळी तिथेच. पंप बंद करा, पातळी लगेच उतरायला लागेल. समतोलाचं तसं नसतं. त्याला बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडलं तरी काही बदलत नाही. थळच्या चक्रात वायू भरणं आणि अमोनिया काढणं दोन्ही बंद केलं, तर आतली प्रमाणं सरकायला लागतील. तो फरक आहे.

म्हणजे स्थिर रीडिंगचे तीन अर्थ होऊ शकतात आणि त्यांना वेगळं करायच्या तीन कसोट्या आहेत:

१. दोन्ही बाजूंनी या. एकदा अभिकारकांपासून सुरुवात करा, एकदा उत्पादितांपासून. आकडे जुळले तरच समतोल.

२. जगापासून तोडा. येणं-जाणं बंद करा. आकडा हलला तर ती स्थिर अवस्था होती.

३. उत्प्रेरक घाला, किंवा वेळ दसपट करा. आकडा हलला तर मिश्रण अडकलेलं होतं. खरा समतोल उत्प्रेरकाने हलत नाही.

माझे आठ महिने

आता माझी गोष्ट. माझा विषय खाडीच्या चिखलाचा आहे. भातखाचरांत टाकलेल्या मिश्र खतातला काही फॉस्फरस पावसाबरोबर खाडीत येतो. धरमतर खाडीच्या कांदळवनातला चिखल त्यातला किती धरून ठेवतो, आणि धरलेला परत सोडतो का, हे मला बघायचं होतं. हा प्रश्न फक्त वहीतला नाही. चिखलाने धरलेलं फॉस्फेट सहज सुटणारं असेल, तर शेतातून येणारं उद्या थांबलं तरी चिखल ते पाण्याला देत राहील आणि शेवाळ माजत राहील. घट्ट धरलेलं असेल तर खाडी लवकर सावरेल. खाडीवर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही दोन उत्तरं सारखी नाहीत.

मी चिखल घेतला, खाऱ्या पाण्यात फॉस्फेट घातलं, बाटल्या हलवत ठेवल्या आणि दर तासाने मोजलं. सहा तासांत पाण्यातलं फॉस्फेट झरकन उतरलं आणि मग आलेख आडवा झाला. चोवीस तासांनी तोच आकडा. मी लिहिलं, "२४ तासांत समतोल प्रस्थापित झाला." मग वेगवेगळ्या सुरुवातीच्या प्रमाणांसाठी, वेगवेगळ्या खारटपणासाठी हेच. आठ महिन्यांत सुरेख आलेख तयार झाले. प्रत्येकाला समतोल स्थिरांक बसवला.

गटाच्या बैठकीत सरांनी आलेख बघितले आणि एकच विचारलं, "दुसऱ्या बाजूने आलीस का?"

आले नव्हते. मग तेच केलं. फॉस्फेट धरलेला चिखल घेतला आणि बिनफॉस्फेटच्या खाऱ्या पाण्यात टाकला. माझा स्थिरांक खरा असता, तर ठराविक फॉस्फेट पाण्यात परत यायला हवं होतं. आलं त्याच्या निम्म्याहूनही कमी. मग पहिल्या प्रकारच्या बाटल्या चोवीस तासांऐवजी तीन आठवडे ठेवल्या. जंतूंनी फॉस्फेट खाल्लं असं होऊ नये म्हणून निर्जंतुक केलेल्या बाटल्याही जोडीला ठेवल्या. आकडा दोन्हींत हळूहळू उतरतच होता. आडवी दिसणारी रेघ आडवी नव्हती, तिचा उतार इतका मंद होता की एका दिवसात मोजमापाच्या चुकीत लपून जात होता. फॉस्फेट आधी कणांच्या पृष्ठभागावर पटकन चिकटतं आणि मग सावकाश आत झिरपतं. मी पहिली पायरी संपताना थांबले होते आणि त्याला मुक्काम समजले होते.

तीन आठवड्यांनी दोन बाजूंमधलं अंतर कमी झालं, पण मिटलं नाही. त्यामुळे आज माझ्या प्रबंधाच्या त्या प्रकरणात "समतोल स्थिरांक" हा शब्द नाही. तिथे लिहिलंय, "२४ तासांनंतरचं वितरण प्रमाण" आणि "२१ दिवसांनंतरचं वितरण प्रमाण", दोन्ही दिशांचे आकडे शेजारी शेजारी. दिसायला कमी भारी आहे, पण खरं आहे. आणि गंमत म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तरही त्या न मिटलेल्या अंतरातच आहे: हा चिखल फॉस्फेट घेतो पटकन आणि सोडतो फार सावकाश. जुन्या, एका बाजूच्या आकड्यांवरून मी खाडीबद्दल चुकीचा अंदाज दिला असता.

तुमच्यासाठी घरचा प्रयोग

हे हातानेच कळतं, म्हणून एक सोपा प्रयोग सांगते. दोन बाटल्या घ्या. पहिलीत साधं पाणी आणि भरपूर तुरटीची पूड. दुसरीत तेवढंच पाणी आणि तेवढीच तुरटी, पण पाणी चांगलं गरम करून विरघळवलेली. गरम पाण्यात तुरटी कितीतरी जास्त विरघळते, त्यामुळे थंड होताना ती खाली बसायला लागेल. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवा, अधूनमधून हलवा.

दररोज प्रत्येकीतलं वरचं नितळ पाणी सिरिंजने बरोबर १० मिलिलीटर घ्या, काट्यावर वजन करा, नोंद करा आणि परत ओता. काटा निदान शंभराव्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. तो सोनाराकडे किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये मिळेल. एक बाटली खालून चढेल, दुसरी वरून उतरेल. कितव्या दिवशी दोन्ही वजनं जुळतात ते बघा. आणि मुख्य म्हणजे, फक्त एकच बाटली ठेवली असती तर तुम्ही कितव्या दिवशी "झालं" म्हणाला असता, तेही वहीत लिहा. या दोन दिवसांमध्ये जेवढं अंतर, तेवढी तुमची चूक झाली असती. तापमान मात्र रोज लिहायला विसरू नका. एप्रिलच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे तुरटीचा समतोल एक नसतो.

पुढे कधी शोधनिबंध वाचताना "समतोल प्रस्थापित झाला" असं वाक्य दिसलं, की लगेच पद्धतीच्या भागात जा आणि शोधा: हे लोक दुसऱ्या बाजूने आले होते का? आले नसतील तर त्यांचा आकडा फेकून देऊ नका. फक्त त्याच्यापुढे पेन्सिलने लिहून ठेवा, "एका बाजूने". मी आता माझ्या स्वतःच्या जुन्या वह्यांवरही तेच लिहिलंय.

प्रयोग केलात तर आकडे कळवा, जुळले नाहीत तर आधी कळवा. पुढच्या लेखात युरियाकडे वळू. तिथे एकामागे एक दोन समतोल आहेत, आणि पहिला पटकन होतो, दुसरा रेंगाळतो.